विपुलाने न सांगितलेली गोष्ट

मुलगी न्यू जर्सीत, वडील साताऱ्यात. संगणक अडला की वडील एनीडेस्क या दुरून संगणक चालवू देणाऱ्या अ‍ॅपचा पडद्यावर दिसणारा आकडा फोनवर वाचून दाखवतात, परवानगीचं बटण दाबतात आणि समोरचा बाण त्यांच्या हाताशिवाय सरकू लागतो. पलीकडून सूचना येते, "बाबा, आता माऊसला हात लावू नका हं." पाच मिनिटांत काम होतं. पण त्या पाच मिनिटांत जे घडलं, त्याचा कर्ता कोण?

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्मामागची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. एरवी पहिली चार एकाच माणसापाशी असतात, म्हणून ती सुटी दिसत नाहीत. दुरून मदत करताना त्यांची फारकत होते. संगणक वडिलांचा, खातं त्यांचं, बँकेच्या नोंदीत नावही त्यांचंच. हालचाल मात्र दुसऱ्याची. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं गीता लगेच पुढे बजावते. मदतीला आलेल्याने हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा एक प्रकारचा परकायाप्रवेशच, आणि त्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा 'शंकरदिग्विजया'त येते. पण तो राजा मरण पावला होता. त्या देहात कुणाची इच्छा मोडली जाण्याचा प्रश्न नव्हता. जिवंत माणसाच्या देहात शिरण्याची कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म सांगतात, आणि ती जास्त अवघड आहे.

देवशर्मा ऋषी यज्ञासाठी बाहेरगावी निघतात. त्यांची पत्नी रुची हिच्यावर इंद्राची नजर असते, म्हणून रक्षणाची जबाबदारी ते विपुल या शिष्यावर टाकतात. इंद्र हवं ते रूप घेतो, तेव्हा दारावरचा पहारा व्यर्थ. मग विपुल योगबळाने रुचीच्याच देहात शिरतो. इंद्र येतो. रुचीला उठून त्याचं स्वागत करायचं असतं, पण अंग हलत नाही. तिला बोलायचं असतं, तर तोंडून शब्द निघतात ते विपुलाचे. अखेर इंद्र खजील होऊन निघून जातो. हेतू शुद्ध होता आणि कामही फत्ते झालं.

गुरू परतल्यावर विपुल त्यांना इंद्राचं वर्तन सांगतो, मात्र आपण रुचीच्या देहात होतो हे सांगत नाही. पुढे वाटेत त्याला एक भांडणारं जोडपं आणि फासे खेळणारे सहा पुरुष भेटतात. खोटं बोलणाऱ्याला विपुलाची गती मिळो, अशा शपथा ते घेत असतात. देवशर्मा नंतर उलगडा करतात: ते जोडपं म्हणजे दिवस आणि रात्र, ते सहा जण म्हणजे ऋतू. त्यांनी सगळं पाहिलं होतं. विपुलाच्या मनात पाप नव्हतं म्हणून गुरू त्याला क्षमा करतात. तरी लपवणं हा दोष ठरतोच.

कथेत एक जागा मात्र रिकामी राहते. परवानगी देवशर्म्यांनी दिली. रुचीला कुणी विचारलं नाही. आज कार्यालयात नेमकं हेच घडतं. यंत्र कंपनीचं, म्हणून आयटी विभागाला कुणी हजर नसतानाही त्यात शिरता येतं. कंपनीचा अधिकार खरा आहे. पण पडद्यासमोर बसून काम करणारी व्यक्ती त्या अधिकारात आपोआप सामावत नाही. तिला आधी कळवणं हे मालकीपेक्षा वेगळं कर्तव्य आहे.

दुसऱ्याच्या पडद्यावर दुरून काम करण्याच्या तंत्राच्या आरंभी मदतनीसाची सीमा स्पष्ट होती. 9 डिसेंबर 1968 रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहात एकाच मजकुरावर दोन बाण फिरताना दाखवले. एक त्यांचा, दुसरा मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याचा. सहकाऱ्याच्या बाणाला बोट दाखवता येत होतं. बदल करण्याचा अधिकार एंगलबार्ट यांनी स्वतःकडे ठेवला होता. दाखवणं आणि करणं यांतलं हे अंतर आजच्या मदतनीसालाही पाळता येईल. रस्ता दाखवायचा, बटण वडिलांना दाबू द्यायचं. वेळ लागेल, पण चेष्टा त्यांचीच राहील.

पतंजलीच्या योगसूत्रांत परशरीरप्रवेशाची सिद्धी येते, आणि तिच्या लगेच आधीचं सूत्र सिद्धींना समाधीतले अडथळे म्हणतं. सामर्थ्य हाती आलं की ते वापरावंसं वाटतं: आलोच आहोत तर फोटो पाहू, पासवर्ड टिपून ठेवू. त्याच ग्रंथातले अस्तेय आणि अपरिग्रह हे यम इथे अगदी व्यवहाराचे नियम होतात. नेमलेल्या कामापलीकडची फाइल उघडायची नाही. काही जवळ ठेवायचं नाही. काय बदललं ते सांगून बाहेर पडायचं.

सगळ्यात कठीण प्रसंग पुढे उभा राहतो. एनीडेस्क वापरून खात्यातले पैसे लुटले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने 2019 साली दिला होता. बँकेचा माणूस म्हणून फोन करणारा भामटा हे इंद्राचंच रूपांतर. आता आईला स्मृतिभ्रंश झाला असेल, तर तिला त्याच्यापासून वाचवण्यासाठी मुलगा तिच्या संगणकात कायमचा प्रवेश ठेवतो. तो विपुलाच्याच जागी उभा असतो आणि आई रुचीच्या. तिची संमती पूर्ण अर्थाने मिळणं शक्य नाही, आणि तिला उघड्यावर सोडणंही योग्य नाही. अशा वेळी प्रवेश घ्यावा, पण विपुलाने टाळलं ते करावं: आपण आत आलो आहोत, हे आणि हे केलं, असं आईलाच सांगावं. उद्या ती विसरणार हे ठाऊक असलं, तरी उद्या पुन्हा सांगावं.