घर, फेर आणि रस
घर व कुटुंब या विषयावर समूहनृत्य रचायला विद्यार्थ्यांना शिकवताना एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो, तो असा की नाचणाऱ्याचे स्वतःचे घर त्या नृत्यात किती उतरावे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील ६व्या अध्यायात रसाची, म्हणजे प्रेक्षकाला येणाऱ्या आस्वादाची, चर्चा आहे. काश्मीरच्या भट्टनायकाने तिला साधारणीकरणाची जोड दिली, म्हणजे रंगभूमीवरचे दुःख कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते असे मानले, आणि अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेला. आश्विनातल्या भोंडल्यात, ज्यात पाटावर काढलेल्या हत्तीभोवती मुली फेर धरतात, हे सहज घडते: सासुरवास गाणारी मुलगी बहुधा अविवाहित असते, तरी सासर-माहेरामधली ओढ साऱ्या फेराची होते. म्हणून घरातले भांडण किंवा आईचे आजारपण शिक्षकाने विद्यार्थ्याकडून चारचौघांत वदवून घेणे अनुचितच नव्हे, तर निर्दयही आहे. त्याऐवजी उंबऱ्यावर थबकणारे पाऊल, पदराला हात पुसण्याची लकब अशी एखादी क्रिया मुलांनी घरी न्याहाळावी, आणि ती सर्वांनी निरनिराळ्या लयीत करून, मूळ घर कोणाचे हे ओळखू येईनासे होईपर्यंत घोळवावी. मात्र ज्या मुलाला घरच नाही, त्याच्यापुढे हा विषय ठेवताना साधारणीकरणाचा सिद्धान्त पुरेसा पडतो, असे म्हणवत नाही.