चिरगावात चालेल का?

परदेशात जाऊन आरोग्यसेवा करायची इच्छा असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने, किंवा नुकत्याच डॉक्टर झालेल्या तरुणाने, निघण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: तिथे मी जे करणार आहे, ते मला चिरगावात करू देतील का? चिरगाव हे झाशी जिल्ह्यातले, झाशी-कानपूर मार्गावरचे लहानसे शहर. हिंदी वाचकांना ते मैथिलीशरण गुप्तांचे जन्मगाव म्हणून माहीत असते आणि झाशीशी मराठी माणसाचा संबंध तर तिथे राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळापासूनचा आहे. अशा ठिकाणाकडे दोन नजरांनी पाहता येते. दूर देशातल्या विद्यार्थ्याला तो डॉक्टरांची टंचाई असलेला, जिथे कोणतीही मदत उपकारच ठरेल असा मुलूख वाटतो. आपल्याला ते आपल्या माणसांचे गाव वाटते, जिथे रुग्णाला हात लावणाऱ्याकडे त्या हाताची पात्रता असलीच पाहिजे. युरोपातला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तीन आठवड्यांसाठी चिरगावात आला आणि बाळंतपणे करू लागला, जखमांना टाके घालू लागला, तर आपण हरकत घेऊ आणि ती रास्तच असेल. पूर्ण शिकलेल्या परदेशी डॉक्टरलासुद्धा आपल्याकडे रुग्ण तपासण्यापूर्वी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती परवानगी काढावी लागते. मग आपला विद्यार्थी फी भरून टांझानियात किंवा नेपाळमध्ये जातो आणि तेच करतो, तेव्हा त्याचे कौतुक कोणत्या न्यायाने करायचे?

माझे म्हणणे असे की परदेशातली वैद्यकीय सेवा जोखताना त्याग, अंतर आणि गैरसोय यांना फार महत्त्व देऊ नये. तीन गोष्टी पाहाव्यात: तिथल्या माणसांनी बोलावले होते का, जाणारा तिथल्या लोकांच्या हुकमाखाली काम करत होता का, आणि तो परतल्यावर काम चालू राहील अशी सोय त्याने केली का. हे म्हणायला मला बळ मिळते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या आयुष्यातून. आपण त्यांची गोष्ट बहुतेक वेळा हौतात्म्याची म्हणून सांगतो. 1946 साली व्ही. शांतारामांच्या चित्रपटाने ती घराघरांत नेली, पण तिच्यातला आजच्या डॉक्टरला उपयोगी पडेल असा भाग हौतात्म्याच्या तेजात दिसेनासा झाला.

तो भाग जरा जवळून पाहू. जपानने आक्रमण केल्यावर चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. म्हणजे कोणाच्या तरी मनात सेवेची ऊर्मी आली आणि मग देश शोधला गेला, असे झाले नाही. मागणी आधी होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी 1938 च्या उन्हाळ्यात आवाहन केले, लोकांनी निधी जमवला, रुग्णवाहिका घेतली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले. त्यात अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी यांच्याबरोबर नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस असे दोन मराठी डॉक्टर होते. सप्टेंबर 1938 मध्ये मुंबईहून बोट निघाली, तेव्हा कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते, पण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून रीतसर डॉक्टर होऊन बाहेर पडलेले होते. पथक आधी चीनच्या शहरांतल्या रुग्णालयांत राबले आणि 1939 च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. पुढे एकेक जण परतत गेला. कोटणीस मात्र उत्तरेकडच्या लढाईच्या मुलखात राहिले, चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत शिकवू लागले. जानेवारी 1941 मध्ये त्यांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले. नेमणूक चिन्यांनी केली होती. त्यांच्या सेनेच्या शिस्तीत, त्यांच्या अपुऱ्या साधनांत, त्यांनी ठरवलेल्या जागी कोटणीस काम करत होते. तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. त्या वेळी ते विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते.

त्या पाठ्यपुस्तकाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. युद्धभूमीवर सलग शस्त्रक्रिया करणारा सर्जन रात्री पुस्तक लिहायला बसतो, याचा अर्थ त्याला कळले आहे की आपल्या दोन हातांनी वाचतील त्याहून जास्त माणसे आपण शिकवलेल्या हातांनी वाचतील. ज्यांचे नाव त्या रुग्णालयाला दिले होते, त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांनीही हेच ओळखले होते. त्यांनी खेचराच्या पाठीवर लादता येईल असा शस्त्रक्रियेचा संच बनवला, म्हणजे जखमी सैनिकाला टेबलापर्यंत आणण्याऐवजी टेबलच त्याच्यापर्यंत नेता येईल. आणि त्याच काळात शेतकऱ्यांच्या पोरांना मलमपट्टी शिकवण्याची व्यवस्था उभी केली. शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने नोव्हेंबर 1939 मध्ये ते वारले. कोटणीस त्यांच्या जागी आले आणि काम थांबले नाही, कारण ते एका माणसाभोवती बांधलेलेच नव्हते.

आता याविरुद्ध जे बोलले जाते त्याचा विचार करू. पहिला आक्षेप सगळ्यांत जोरदार आहे आणि तो कळवळ्यातून येतो: जिथे डॉक्टरच नाही तिथे अर्धशिक्षित हातही चालेल, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे. हे ऐकायला खरे वाटते, पण दोन ठिकाणी तुटते. काहीतरी हे नेहमी काहीच नसण्यापेक्षा बरे असते, हे गृहीतच चूक आहे. युगांडातल्या जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकी तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवले. तिचा हेतू वाईट होता असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण तीव्र कुपोषण झालेल्या बालकाला घाईने अन्न किंवा सलाईन देणे जीवघेणे ठरू शकते, हे बालरोगातले प्राथमिक ज्ञान आहे. त्या केंद्रात काही वर्षांत शंभराहून अधिक मुले दगावली, मातांनी न्यायालयात धाव घेतली आणि 2020 मध्ये तडजोड झाली. तिच्या स्वतःच्या देशात असे केंद्र एक दिवसही चालू दिले नसते.

दुसरे म्हणजे, ‘काहीच नाही’ ही स्थिती आपण समजतो तितकी खरी नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवून दिले की डॉक्टर नसलेल्या गावात बाहेरच्या पाहुण्याहून चांगला पर्याय त्याच गावात असतो. बालकाला न्यूमोनिया झाला आहे का हे ओळखण्यासाठी मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. शंभरापर्यंत न मोजता येणाऱ्या दाईला ते कसे जमणार? त्यांनी एक साधे उपकरण केले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला औषध सुरू करायचे. गावातल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बायकांना पासपोर्ट लागला नाही. पुढच्या आठवड्यात, पुढच्या पावसाळ्यात, पुढच्या बाळंतपणाला त्या तिथेच होत्या.

हेच चिरगावच्या बाबतीत मनाशी मांडून पाहा. चिरगाव ज्यात येते त्या बुंदेलखंडातून माणसे कामासाठी दिल्लीकडे, पंजाबकडे, गुजरातकडे जातात. अशा एका मजुराला क्षय झाला असे समजा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, मग चार महिने तीन. दुसऱ्या महिन्याअखेर खोकला थांबतो, अंगात ताकद येते, आणि नेमकी त्याच वेळी मजुरीची हाक येते. तो गोळ्या अर्ध्यावर टाकून निघून जाईल. त्याला थांबवण्यासाठी, किंवा तो जाणार असेल तर तिथल्या केंद्रात त्याचे औषध चालू राहील हे पाहण्यासाठी, बुंदेली बोलणारे, त्याच्या बायकोला ओळखणारे, सहाव्या महिन्यातही गावात असणारे माणूस लागते. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला हा रुग्ण बरा झालेलाच दिसेल आणि तो समाधानाने परत जाईल. आजार मात्र परतून येईल, कदाचित औषधांना न जुमानणारा होऊन. ग्रामीण भागातले बहुतेक आजार असेच रेंगाळणारे, पाठपुरावा मागणारे आहेत.

मग थोड्या दिवसांची सेवा पूर्णपणे निरर्थक का? नाही. पंढरपुरात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी हे दाखवून दिले आहे. अपघाताने आलेले अपंगत्व, कर्करोग आणि हृदयविकार असतानाही ते कित्येक दशके दरवर्षी भारतात येत आणि दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया मोफत करत. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात काही गोष्टी जुळून आल्या होत्या. त्यांचे कौशल्य पुरते पिकलेले होते. दुभंगलेला ओठ हे एका शस्त्रक्रियेने बहुतांशी सुटणारे दुखणे आहे. रुग्ण शोधणे, त्यांना शिबिरापर्यंत आणणे ही कामे इथल्या संस्था करत. आणि ते पुन्हा येणार हे सगळ्यांना माहीत होते. भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसांतही अनुभवी सर्जन अनेकांचे प्राण वाचवू शकतो. पण 2010 च्या हैतीच्या भूकंपात पूर्वतयारीविना आलेल्या पथकांचा इतका गोंधळ उडाला की नंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीत जाणाऱ्या वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले. नोबेल मिळालेली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ तर शिकाऊ विद्यार्थ्यांना डॉक्टर म्हणून पाठवतच नाही. शिक्षणानंतरचा अनुभव मागते. शिवाय तिचे बहुसंख्य कर्मचारी ज्या देशात काम चालते तिथलेच असतात.

आणखी एक युक्तिवाद होतो, तो विद्यार्थ्याच्या बाजूने. दूरच्या दारिद्र्याचे दर्शन झाले की त्याची दृष्टी बदलते आणि पुढे तो जन्मभर वेगळ्या प्रकारची डॉक्टरी करतो. हे होते, मी नाकारत नाही. पण मग त्याला शिक्षण म्हणावे, सेवा म्हणू नये, आणि शिक्षणाचा मोबदला शिकवणाऱ्याला द्यावा. हा भेद जामखेडने फार पूर्वी स्पष्ट केला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाकडे जगभरचे विद्यार्थी आणि डॉक्टर येत राहिले, आणि तिथे ते शिकण्यासाठी येतात. कमी शिकलेल्या, कित्येकदा दलित समाजातून आलेल्या आरोग्यसेविका त्यांना सांगतात की गावात कुष्ठरुग्णाला विहिरीवर कसे येऊ दिले, मूल दगावले की सासू काय म्हणते, पाणी आणि जात यांचा जुलाबाशी काय संबंध. परदेशी पाहुण्याने कुठे बसायचे ते तिथे ठरलेले असते, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. आपला विद्यार्थी केनियात किंवा नेपाळमध्ये अशाच जागी जाऊन बसणार असेल, तर त्याने अवश्य जावे.

राहिला तो प्रश्न, जो मला सगळ्यांत अवघड वाटतो: चिरगावसारख्या ठिकाणी जागा रिकाम्या असताना परदेशी जायचेच कशाला? आपल्या निकषांप्रमाणे प्रत्येक ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत. सरकारच्याच ग्रामीण आरोग्य अहवालांनुसार या तज्ज्ञांच्या लागणाऱ्या जागांपैकी शेकडा ऐंशीच्या आसपास जागा भरलेल्या नाहीत. पण हा हिशेब कोटणीसांनाही लागू होता, आणि अधिक कठोरपणे. 1946 च्या भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 6300 लोकांमागे एक डॉक्टर असल्याचे नोंदले. इतक्या गरजू देशाने आपले पाच डॉक्टर दुसऱ्या देशाला दिले आणि ते बरोबर केले, असेच मी म्हणेन. एका परतंत्र देशाने आक्रमण झालेल्या दुसऱ्या देशाच्या हाकेला ओ दिली. दोन समाजांमधल्या अशा नात्याला डॉक्टरांच्या त्रैराशिकाने उत्तर देता येत नाही. मला खटकते ते एवढेच की आजच्या अनेक परदेशी सेवा-सहलींमागे ना हाक असते ना नाते. असतो तो अर्जात भरायचा रकाना आणि स्थानिक रुग्णांचे चेहरे असलेली छायाचित्रे. ती छायाचित्रे काढायला कोणी संमती दिली होती, हे विचारलेही जात नाही.

म्हणून महाविद्यालयांनी ठोस पावले उचलावीत. नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला ऐच्छिक प्रशिक्षणाचा काळ मिळतो. तो परदेशात घालवायचा असेल तर यजमान रुग्णालयाचे लेखी बोलावणे, तिथल्या कोणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम होणार त्याचे नाव, आणि विद्यार्थ्याने काय करायचे नाही याची यादी, एवढे अर्जासोबत मागावे. इथे ज्या कामाला त्याला परवानगी नाही ते तिथेही करणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. विदेशी विद्यार्थी आपल्याकडे येतो तेव्हाही हीच कागदपत्रे लागावीत, आणि त्याच्या येण्याचा खर्च यजमान केंद्राच्या तिजोरीत जमा व्हावा, मधल्या एजंटच्या खिशात जाऊ नये. महाविद्यालयाने दरवर्षी वेगळा देश न शोधता एकाच रुग्णालयाशी दहा वर्षांचा करार करावा, म्हणजे दर खेपेला विद्यार्थी बदलले तरी रुग्णाची नोंदवही तीच राहील आणि यंदा अर्धवट राहिलेले काम पुढच्या वर्षी येणाऱ्याला तिथेच सापडेल.