फोटोची किंमत कोण मोजतं?

मागच्या पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात सारसाचं घरटं बघायला गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही; कारण पुढे येईलच. बोडीच्या पलीकडे धानाच्या बांधीत, गुडघाभर पाण्यात घरटं होतं. मोबाइलचा झूम पूर्ण ताणला तरी पक्षी ठिपक्याएवढा दिसत होता. म्हणून धुऱ्यावरून पुढे निघालो. मागून शेतमालक काकांची हाक आली, "बाबू, थे अंड्यावर बसली हाये. तू पुढं गेला का उठते."

मी थांबलो, पण राग आला. मी काय दगड मारत होतो? फक्त फोटो तर काढत होतो!

हे 'फक्त' तेव्हापासून डोक्यात अडकलंय.

तसं बघितलं तर कॅमेऱ्याने निसर्ग अभ्यासातली बरीच हिंसा कमी केली. सालिम अलींच्या पिढीला पक्ष्यांच्या अभ्यासासाठी बंदूक चालवावी लागायची. फुलपाखरं मारून टाचणीला लावली जायची. आज गोंदियातल्या एखाद्या पोराने कोळ्याचा फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला, तर दूर देशातला अभ्यासक त्याचं नाव सांगू शकतो आणि कोळी आपल्या जाळ्यात मजेत राहतो. ही खरी कमाई आहे. फोटो काढूच नका, असं मी म्हणणार नाही.

पण फोटो काढताना आपण काहीच घेत नाही, हे खरं नाही. सारसाची मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने साधारण महिनाभर ती उबवतात. माणूस जवळ आला की पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात, उन्हाला आणि कावळ्यांना. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि आसपासच्या जिल्ह्यांतच उरलेत, तेही मोजके. इथे एक अंडं गेलं तरी मोठा तोटा.

काकांनी घरट्याभोवतीचं धान तसंच सोडलं होतं. थोडं पीक पक्ष्यांनी तुडवलंही होतं. म्हणजे त्या सकाळी सारस आणि काका, दोघंही काहीतरी मोजत होते. फुकटात आलेला मी एकटाच होतो. फोटोसोबत गावाचं नाव टाकलं असतं, तर पुढच्या रविवारी माझ्यासारखे आणखी दहाजण त्याच धुऱ्यावर उभे राहिले असते.

यावर मित्र म्हणतो, "लोकांना माहितीच नसेल तर ते वाचवतील कसं?" मुद्दा बरोबर आहे. पण सारसाबद्दल आस्था वाटायला 'गोंदिया' एवढं पुरतं. नेमकं लोकेशन फक्त तिथे पोचायला लागतं.

तरी सारसाचं एक बरं आहे. तो उंच आहे, देखणा आहे, त्याच्यासाठी हाक मारणारं कुणीतरी असतं. किड्यांचं काय? त्याच्या आदल्या वर्षी अशाच एका बोडीच्या काठावर, पहाटे एक चतुर कात टाकून नुकताच बाहेर आला होता. त्या वेळी पंख ओले, मऊ असतात. उजेड नीट यावा म्हणून मी गवताचं पातं बोटाने वळवलं. पंख पात्याला चिकटला आणि तसाच वाकडा सुकला. तो चतुर उडू शकला नसणार. मी मात्र अँगल बदलून चांगला पंख तेवढा फ्रेममध्ये घेतला. फोटोला भरपूर लाइक्स आले.

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. डिलीट करून काय होणार? काकांची हाक ऐकली तेव्हा मला तोच आठवला. तिथे धुऱ्यावर कुणीच उभं नव्हतं.

आता पानाकडे हात गेला की मी स्वतःलाच विचारतो: काका बघत असते, तर हे केलं असतं का? बऱ्याचदा उत्तर 'नाही' येतं. मग फोटो थोडा अंधारा येतो. येऊ दे.