पडल्यावर पुन्हा उठणे



प्रायश्चित्तकाळात आपण निश्चय करतो. रोज संध्याकाळी घरात रोझरी म्हणायची, दारूला शिवायचे नाही, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करायचे. दोन आठवड्यांत निश्चय मोडतो. मग मनात येते, 'पाळता येत नाही, तर उगाच ढोंग कशाला?' हा विचार प्रामाणिक वाटतो. पण तो खरोखर तसा आहे का?

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिले. तेवढे धैर्य सर्वांनाच लाभले नाही. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे नागासाकी परिसरात दरवर्षी येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तिच्यावर पाय द्यायला लावत. नकार देणाऱ्याचा छळ होई. पुष्कळांनी मुलाबाळांकडे पाहून पाय दिला. घरी आल्यावर दार लावून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. धर्मगुरू उरले नव्हते. गावातलेच प्रापंचिक मुलांना बाप्तिस्मा देत आणि सणांचे दिवस मोजून ठेवीत.

पाय देणे योग्य होते असे आपण म्हणणार नाही. तेही म्हणत नव्हते, म्हणूनच तर रडत होते. पण त्यांना ढोंगी म्हणता येईल का? ढोंगी माणूस पाप लपवून करतो आणि भक्ती चारचौघांत मिरवतो. या लोकांचे पाप चारचौघांत घडत होते आणि भक्ती बंद दाराआड.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले. आमचेही हृदय तुमच्यासारखेच आहे, असे एका बाईने फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले, आणि पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. दोनशेहून अधिक वर्षे श्रद्धा टिकली होती. ते चर्च नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही, अर्पण केलेले होते. बंदी अजून उठली नव्हती. लवकरच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले. वाचलेले १८७३ साली परतले.

चिकाटी म्हणजे कधीच न पडणे नव्हे. पेत्राने तीनदा नाकारले, तरी तो प्रभूकडे परतला. 'ढोंग नको' म्हणून प्रार्थना सोडतो, तेव्हा आपण खरे तर परत जाण्याची लाज टाळत असतो. तेच पाप दहाव्यांदा कबूल करायला जीभ जड होते. जो तरीही पापनिवेदनाला जातो, तो प्रामाणिक.

म्हणून या आठवड्यात नवा निश्चय नको. मोडलेलाच पुन्हा हाती घेऊ या. आज रात्री पाच गूढे जमली नाहीत तर एक म्हणू या, पण म्हणू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.