रात्रीची बाग, दिवसाचा माळी

दुबईत बाग करायची तर ती रात्रीसाठी करावी, हे शहाणपण मला इथे बरीच वर्षं काढल्यावर सुचलं. सिलिकॉन ओएसिसमध्ये व्हिला भाड्याने घेतला, तेव्हा मागच्या बाजूला वाळूचा एक चौकोन आणि आधीच्या भाडेकरूंनी हौसेने लावलेली लाल-जांभळी फुलझाडं मिळाली. ऑफिसातून घरी येईतो सात वाजायचे. अंधारात लाल काय नि जांभळं काय, सगळं सारखंच काळं! उन्हाळ्यात दिवसा तर अंगणात पाऊल टाकायची सोय नाही. मग ठरवलं, आपण मोकळे असतो तेव्हा जी झाडं जागी असतात, तीच लावायची.

भिंतीशी रातराणी, कुंड्यांत मोगरा, कोपऱ्यात पांढरा चाफा आणि हट्टाने आणलेला पारिजातक. रात्री उमलणारी फुलं बहुधा पांढरी आणि सुवासिक असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पतंग. त्याला अंधारात फिकट रंग दिसतो आणि वास वाट दाखवतो. चाफा मात्र लबाड. वासाने पतंगाला बोलावतो आणि मध देतच नाही. गंमत म्हणजे, आपली म्हणून मिरवतो ती रातराणी, तो चाफा आणि निशिगंधसुद्धा मुळात अमेरिका खंडाकडचे. आम्हा स्थलांतरितांच्या अंगणात शोभायला हरकत नाही!

आग्र्याला यमुनेपलीकडे, ताजमहालासमोर, मेहताब बाग आहे, चांदण्यात बघण्यासाठी रचलेली. आमच्याकडे ताजमहाल नाही, शेजाऱ्यांचा एसी आहे. दिवे मात्र मी मोजकेच ठेवले, तेही जमिनीलगत. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवलं, की कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत. ते पाठ उजेडाकडे ठेवून उडू बघतात आणि तिथेच घिरट्या घालत अडकतात. पाहुणे बोलवायचे आणि दारात चकवा लावायचा, हे बरं नव्हे.

कोजागरीला मंडळाची पंधरा-वीस माणसं जमली. मसाला दूध झालं, बागेचं कौतुक झालं. सगळे गेल्यावर पातेली उचलताना मुलीने विचारलं, "बाबा, माळीकाकांनी ही बाग रात्री पाहिलीय का?"

नव्हती पाहिली. तो आठवड्यातून दोनदा कंपनीच्या गाडीतून सकाळी सहाला येतो आणि गाडी नेईल तेव्हा जातो. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे बाकीच्या वेळी ऊन नसतं असं नव्हे. प्रत्येक खड्डा त्याने खणलेला, आणि पहिली कळी उमलायच्या आत तो लेबर कॅम्पवर परतलेला.

मी मनाशी वकिली केली. त्याला पगार मिळतो. गवंडी बांधलेल्या घरात राहत नाही. मीही बँकांची सॉफ्टवेअर लिहितो, त्यातला पैसा माझा नसतो. एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण मिटेना. मी बाग रात्रीची का केली? दिवस सोसवत नाही म्हणून. मग तो न सोसणारा दिवस गेला कुठे? तो मी दुसऱ्याच्या वाट्याला दिला, आणि उरलेल्या गारव्याला माझी रसिकता म्हणालो.

मग मी स्वतःच रात्री कुदळ घेतली. खुरपणी, छाटणी, खत. महिन्याभरात सुपरवायझरचा फोन आला: काम कमी दिसतंय, आठवड्यातून एकच फेरी पुरे का? माझ्या पापक्षालनाचं बिल त्याच्या रोजीवर फाटणार होतं. कुदळ मुकाट्याने ठेवून दिली.

शेवटी, जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्यालाच विचारलं, एखाद्या संध्याकाळी याल का, सोडायला गाडी मी आणीन. तो हसला. म्हणाला, साहेब, रात्री मी झोपतो, चारला उठायचं असतं. आणि वास मला माहीत आहे. मी येतो तेव्हा पारिजातकाचा सडा पडलेला असतो, अजून तुडवलेला नसतो. तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

मला हायसं वाटलं. इतक्या चटकन हायसं वाटलं, याचा मात्र रागही आला. त्याला पहाटेचा सडा मिळतो, म्हणून दुपारचे अकरा काही टळत नाहीत.

बागेत काय कमी आहे, हेही त्याला विचारलं. सावली, तो म्हणाला. नळाजवळ. तिथे आता गाफचं रोप आहे. इथलं राष्ट्रीय झाड. आपण दसऱ्याला पूजतो ती शमीच. समुद्राचं पाणी गोडं करून रातराणीला पाजावं लागतं, हिला एकदा मूळ धरल्यावर फारसं लागणार नाही. जागा त्यानेच ठरवली, माझ्या आखणीत ती नेमकी चांदणं अडवते. रोप अजून गुडघ्याएवढं आहे. त्याखाली माणूस बसू शकेल एवढी सावली पडायला बरीच वर्षं लागतील, आणि आमचा भाडेकरार दरवर्षी नवा होतो.