खुरपे आणि कलम

फाल्गुन सरत आला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात दोन घाया एकदम येतात. शाळेत वार्षिक परीक्षेची, शेतात शाळूच्या काढणीची. ज्याच्या विहिरीला पाणी उरले आहे तो याच दिवसांत उन्हाळी भेंडी, गवार, काकडी लावतो. मग वर्गातली बाके रिकामी दिसू लागतात. मुले कुठे आहेत हे हजेरीपटाला माहीत नसले, तरी आम्हा शिक्षकांना माहीत असते.

अशा वेळी शाळेच्या आवारातच भाजीचे वाफे करून मुलांना त्यातून शिकवावे, असे कुणी म्हटले तर? एका बागवान पालकाचे उत्तर आम्ही ऐकले आहे, "खुरपा तो घर में भी है सर, तुम कलम सिखाव." याला सहजासहजी उत्तर देता येत नाही. ज्यांच्या पिढ्या मातीत गेल्या त्यांनी शाळेकडे मातीतून सुटका मागितली, तर त्यांना श्रमाचे माहात्म्य ऐकवण्याचा अधिकार पगारदार माणसाला कितपत आहे?

वाद जुनाच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. ७ ते १४ वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाच्या आधाराने शिकवायचे, ही ती योजना. त्या उद्योगांत सूतकताई, सुतारकाम होते, तसे फळे-भाजीपाल्याचे बागकामही होते. मुस्लिम लीगने योजनेला कडाडून विरोध केला. त्या राजकारणात एक गोष्ट झाकली गेली. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही गांधीजींची अपेक्षा होती. पण मिळकतीकडे लक्ष गेले तर शिक्षक मुलांना नुसते राबवतील आणि शिक्षण मागे पडेल, हा धोका समितीनेच आपल्या अहवालात नोंदवला होता.

खरा प्रश्न आम्हाला इथे दिसतो. अर्ध्या-अर्ध्या फुटावर भेंडीचे बी टोकणारे मूल अंतर मोजते, दीड महिन्याने येणाऱ्या पहिल्या तोडणीचे दिवस मोजते, पाने पिवळी पडली की पांढरी माशी शोधते. हे शिकणे झाले. तेच मूल रोज नुसते पाणी वाहत राहिले तर ती मजुरी झाली. आणि मजुरी वेळेवर चुकती करण्याबद्दलची हदीस आपणा सर्वांना तोंडपाठ आहे.

म्हणून वाफ्यावर कोण आहे, ते आधी पाहावे. पुष्कळदा पाणी घालायला 'ढ' मुलगा जातो, झाडायला मुली जातात आणि हुशार मुलगा स्कॉलरशिपचा पेपर सोडवत बसतो. अशा बागेपेक्षा बाग नसलेली बरी. (रमजान अलीकडे याच दिवसांत येतो. रोजेदार मुलाच्या हाती भर उन्हात फावडे देऊ नये, हे सांगायला परिपत्रक लागू नये.) निघालेली भाजी कुणाची, हेही मुलांसमोरच ठरावे. खिचडीत किती, घरी किती, विकलीच तर पैसे कशाला? ती मुकाट्याने कुणा मोठ्याच्या पिशवीत गेली, तर त्या दिवशीचा धडा मुले आयुष्यभर विसरत नाहीत.

आम्ही पाळ्या हजेरीच्या क्रमाने लावतो. शिक्षकाचे नावही त्याच यादीत असते. दारे धरायला आम्हाला अजून नीट जमत नाही. सातवीतली एक मुलगी फावडाभर मातीने एका वाफ्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडते, तेव्हा स्कॉलरशिपवाली मुलेही वाफा भरेपर्यंत गप्प उभी राहतात.