मोडलेल्या नात्याचं काय करायचं

विदर्भात नातं संपवायची रीत जुनीच आहे. पंचांसमोर काडीमोड घ्यायची, देणंघेणं मिटवायचं, की बाई पाट लावायला मोकळी. अनेक शेतकरी आणि आदिवासी समाजांत हे राजरोस चालायचं. उच्चवर्णीय बाईला मात्र ही वाटच नव्हती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट सर्व जातींतल्या हिंदूंना खुला केला, २९व्या कलमात रूढीची काडीमोडही राखली. १९७६ मध्ये परस्पर संमतीची सोय आली. नातं सोडावं कसं, यावर एवढा खल झाला. सोडल्यावर उरलेल्या आठवणींचं काय करायचं, यावर मात्र मारेगावात काय आणि मुंबईत काय, आजही एकच सल्ला मिळतो: झालं गेलं विसरून जा.

या सल्ल्याला शास्त्राचाही आधार मिळाला होता. गेलेल्यात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम, असं फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं. पुढे १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी वारली. नऊ वर्षांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तोच म्हणतो की ही जागा कधी भरत नाही, आणि ती भरू नये हेच बरं. सिद्धान्त त्याचाच होता, पण लेकीपुढे तो टिकला नाही. १९९६ मध्ये अमेरिकन अभ्यासकांनी उघडच मांडलं की गेलेल्याशी नातं रूप बदलून चालू राहतं आणि तो काही आजार नव्हे.

पण हा विचार मृत्यूभोवती घडला. मेलेल्या माणसाची तेरवी होते, गाव जेवून जातं, चार माणसं त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मोडलेल्या नात्याची तेरवी नसते. तिथे चांगलं आठवलं तर लोक विचारतात, मग सोडलं कशाला?

म्हणून मला रखमाबाई राऊत महत्त्वाच्या वाटतात. अकराव्या वर्षी लग्न झालं. पुढे त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी कोर्टात गेले. १८८७च्या निकालाने, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असं बजावलं. तुरुंग पत्करीन, हे त्यांचं उत्तर. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी काम केलं. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. हे वाचून अनेकांना अवघडल्यासारखं होतं, कुणाला ती माघार वाटते. मला नाही वाटत. नकार त्यांनी कधीच मागे घेतला नाही. ज्या माणसाच्या नावाने उभं आयुष्य वळलं, तो आपल्या आयुष्यात होता एवढं त्यांनी मान्य केलं, असं मी समजतो. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्वदीत, त्या गेल्या.

मारेगावकडे माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. फारकतीला बरीच वर्षं झाली. आंदणातला पितळेचा गंज अजून त्यांच्या चुलीवर असतो. त्यावर दोघांची नावं आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. बहिणीने भांडेवाल्याकडून नावं घासून आणायला सांगितलं, तर म्हणाल्या, "नाव खोडून काय होते? लगन तं झालंच होतं नं." एवढं बोलून त्यांनी त्यात तांदूळ टाकले.

त्यांना परत जायचं नाही, आणि नवऱ्याला त्यांनी माफही केलेलं नाही. माफीशिवाय आठवणीशी समेट होत नाही असं पुष्कळ जण समजतात. या बाईंना पाहून मला ते पटेनासं झालं. मुलगी बापाबद्दल विचारते तेव्हा त्या दोन्ही सांगतात. कपाशीत डवरा हाकताना तो तास किती सरळ धरायचा ते, आणि दारू पिऊन घरी आल्यावर काय करायचा तेही.